गुणपत्रिकेत न मावणारे खेळाडू: बास्केटबॉलमधील पूरक खेळाडूचे मोल

टेबलावरून (धागाकर्ते)

गेली अनेक वर्षे मी जिल्हा आणि आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धांमध्ये गुणलेखक म्हणून टेबलावर बसतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जी अधिकृत गुणपत्रिका आम्ही भरतो, तिच्यात कोणी किती गुण केले, कोणाच्या नावावर किती फाऊल लागले आणि संघांनी किती टाइमआउट घेतले, एवढेच मुख्यतः नोंदवले जाते. रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर चेंडू पकडणे), असिस्ट (बास्केट मिळवून देणारा पास) आणि स्टील (चेंडू हिसकावणे) यांना त्या कागदावर जागा नसते. त्यामुळे ज्या मुलाने संपूर्ण सामना समोरच्या संघाच्या सर्वोत्तम खेळाडूला अडवून धरलेले असते, त्याच्या नावापुढे सामन्याअखेर दोन गुण आणि चार फाऊल एवढेच उरते. कागद पाहणाऱ्याला तो मुलगा संघावरचा भार वाटतो. मी मात्र त्याला कोर्टच्या मध्यरेषेजवळून पाहिलेले असते आणि सामना त्याच्यामुळे जिंकला गेला हे मला ठाऊक असते. अशा खेळाडूंबद्दल नीट बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या मनात या विषयाचा विचार आला की पहिले नाव येते ते शेन बॅटिए यांचे. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील त्यांच्या कारकिर्दीची सरासरी सामन्याला ८.६ गुण इतकीच आहे. २००६ साली मेम्फिसकडून ते ह्यूस्टन रॉकेट्सकडे आले, तेव्हा त्यांच्या बदल्यात ह्यूस्टनने रूडी गे या होतकरू तरुणाचे हक्क देऊन टाकले आणि हा सौदा अनेकांना अनाकलनीय वाटला. पुढे २००७-०८च्या हंगामात याच संघाने सलग २२ सामने जिंकले. त्यांपैकी शेवटचे दहा विजय संघाचे प्रमुख सेंटर याओ मिंग दुखापतीमुळे बाहेर बसलेले असताना मिळाले. हे सारे श्रेय एकट्या बॅटिए यांचे होते असे मी म्हणणार नाही, कारण त्या संघात ट्रेसी मॅकग्रेडी होते आणि संपूर्ण संघाचाच बचाव अतिशय शिस्तीचा होता. परंतु त्या शिस्तीचा कणा कोण होता, हे त्या हंगामातले सामने पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

लेकर्स संघाचे अव्वल खेळाडू कोबी ब्रायंट यांच्यासमोर बॅटिए कसे उभे राहत, ते मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. चेंडू हिसकावण्याचा किंवा शॉट हवेतच अडवण्याचा (ब्लॉक) मोह ते जवळजवळ टाळतच असत, कारण त्या प्रयत्नात फाऊल झाला की ब्रायंट यांना फ्री थ्रो (कोणीही न अडवता मारायचे शॉट) मिळणार आणि तोल गेला की रिंगपर्यंतची वाट मोकळी होणार. ब्रायंट शॉटसाठी उडी घेत, तेव्हा बॅटिए आपला पंजा चेंडूकडे न नेता त्यांच्या डोळ्यांसमोर धरत. संघाच्या विश्लेषकांनी तयार केलेली आकडेवारी ते सामन्याआधी बारकाईने वाचत असत. हा खेळाडू कोणत्या जागेवरून आणि कोणत्या हाताने खेळताना कमी यशस्वी ठरतो, ते पाहून त्याला तिकडेच ढकलत नेण्याची त्यांची पद्धत होती. ड्रिबल करत अचानक थांबून लांबून मारलेला दोन गुणांचा शॉट हा कोणत्याही मोठ्या खेळाडूसाठी तुलनेने तोट्याचा असतो, आणि बॅटिए यांना प्रतिस्पर्ध्याकडून नेमका तोच हवा असे. समजा, ब्रायंट यांनी ३० गुण केले. ते त्यांनी २० शॉटमध्ये केले की ३० शॉटमध्ये, यावर सामन्याचा निकाल ठरू शकतो, कारण वाया गेलेल्या प्रत्येक शॉटनंतर चेंडूचा ताबा बहुधा आपल्याकडे येतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र दोन्ही वेळा ‘ब्रायंट ३०’ असेच छापून येते.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण खेळाडूच्या वृत्तीचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. सॅन अँटोनियो स्पर्स संघाचे मानू जिनोबिली अनेकदा राखीव खेळाडूंमधून मैदानात येत. त्यांच्याविरुद्धच्या एका सामन्यापूर्वी बॅटिए स्वतः प्रशिक्षक रिक ॲडेलमन यांच्याकडे गेले आणि मला सुरुवातीच्या पाच जणांत घेऊ नका, अशी त्यांनी विनंती केली. जिनोबिली जेवढी मिनिटे खेळतील तेवढी सगळी मिनिटे ताज्या पायांनी त्यांच्यासमोर उभे राहता यावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. सुरुवातीच्या पाचांत नाव यावे म्हणून आपल्याकडे मुले किती धडपडतात आणि ते नाव गेले की पालक प्रशिक्षकाशी कसे भांडतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या विनंतीचे वजन कळेल.

आपल्या पाहण्यातले असे खेळाडू कोणते आणि त्यांचे काम नेमके काय होते, हे सर्वांनी तपशिलात लिहावे अशी विनंती आहे.

---

नागपूरकर

धागा अतिशय आवडला. मी डेनिस रॉडमन यांच्याविषयी लिहितो. त्यांना पूरक खेळाडू म्हणावे का, असा प्रश्न काहींना पडेल, कारण त्यांची प्रसिद्धी एखाद्या नायकाइतकी होती. परंतु शिकागो बुल्समध्ये त्यांचे काम मर्यादित आणि पक्के ठरलेले होते: जॉर्डन आणि पिपेन यांनी शॉट मारायचे आणि चुकलेला चेंडू रॉडमन यांनी परत आणायचा.

१९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग सात हंगाम ते रिबाउंडच्या सरासरीत एनबीएमध्ये पहिले होते. त्यांच्याहून कितीतरी उंच खेळाडू त्या काळात खेळत असताना हे घडले, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. रिबाउंड हा उंचीचा खेळ आहे, असे आपल्याकडे शाळेपासून शिकवले जाते. रॉडमन तो अभ्यासाचा खेळ मानत. डेट्रॉइटमध्ये असताना सरावाच्या वेळी ते आपल्याच सहकाऱ्यांचे शॉट निरखत उभे राहत. कोणाच्या हातून सुटलेला चेंडू हवेत किती फिरतो आणि चुकला तर रिंगवर आपटून साधारण कुठे जातो, याचे ते मनात टिपण ठेवत. त्यामुळे चेंडू रिंगला लागण्याआधीच त्यांचे पाऊल पडलेले असे.

१९९६च्या अंतिम मालिकेतला सिएटलविरुद्धचा सहावा सामना पाहावा. जॉर्डन यांचे १९पैकी ५च शॉट पडले आणि तरीही बुल्सने ८७-७५ असा विजय मिळवून अजिंक्यपद घेतले. त्या सामन्यात रॉडमन यांनी १९ रिबाउंड घेतले आणि त्यांपैकी ११ आक्रमणातले होते, म्हणजे आपल्याच संघाच्या चुकलेल्या शॉटवरचे. याच मालिकेच्या दुसऱ्या सामन्यातही त्यांचे आक्रमणातले रिबाउंड ११च होते आणि तो सामना अवघ्या चार गुणांनी जिंकला गेला. आक्रमणातला एक रिबाउंड म्हणजे गमावलेला ताबा परत मिळवणे. ज्या सामन्यात प्रत्येक ताबा रक्त आटवून मिळवावा लागतो, तिथे अकरा वेळा पुन्हा संधी देणारा माणूस गुणांच्या रकान्यात दिसत नाही म्हणून गौण कसा ठरेल?

---

कृष्णाकाठ

लेखन उत्तम आहे. परंतु माझ्यासारख्या केवळ प्रेक्षकाला एक शंका आहे. जे मोजता येत नाही, त्याचे श्रेय द्यायचे तरी कसे? ‘त्याचे योगदान दिसत नाही पण मोठे आहे’ असे कोणत्याही सामान्य खेळाडूबद्दल म्हणता येईल. खरा आणि खोटा पूरक खेळाडू वेगळा काढण्याची काही रीत आहे का?

---

संख्यारेषा

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मोजणीच्या इतिहासातच आहे. एखादी गोष्ट नोंदवली जात नाही म्हणून ती मोजण्यासारखी नसते, असे नाही. एनबीएने स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद १९७३-७४च्या हंगामापासून सुरू केली. बिल रसेल त्याआधीच, १९६९मध्ये, निवृत्त झाले होते. तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवणाऱ्या आणि ज्यांच्या बचावामुळे खेळाचे स्वरूपच पालटले अशा खेळाडूचा एकही ब्लॉक अधिकृत नोंदीत नाही. आजचा विक्रमांचा तक्ता उघडून ब्लॉकच्या यादीत रसेल यांना शोधणाऱ्या नव्या वाचकाला ते तिथे सापडणारच नाहीत.

अलीकडे ही दरी थोडी बुजली आहे. २०१३-१४पासून एनबीएच्या सर्व मैदानांवर खेळाडूंची आणि चेंडूची हालचाल टिपणारे कॅमेरे बसले. २०१६च्या प्लेऑफपासून (हंगामाअखेरच्या बाद मालिकांपासून) प्रतिस्पर्ध्याच्या किती शॉटना हात दाखवून विरोध केला, किती पासना बोटे लावून दिशा बदलली, मोकळे सुटलेले किती चेंडू ताब्यात घेतले, किती चार्ज घेतले (जागेवर उभे राहून आक्रमकाची धडक झेलली आणि फाऊल मिळवला) आणि किती स्क्रीनमधून (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवून) थेट बास्केट झाली, हे जाहीर होऊ लागले. पुढच्याच हंगामापासून अशा मेहनतीसाठी स्वतंत्र वार्षिक पुरस्कारही सुरू झाला आणि पहिला मान पॅट्रिक बेव्हर्ली यांना मिळाला.

दुसरे साधन म्हणजे प्लस-मायनस. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघाने किती गुण केले आणि किती दिले, यांतील फरक म्हणजे ही संख्या. कल्पना सोपी आहे, पण ती वापरताना फार सावध राहावे लागते. एका सामन्यातील प्लस-मायनसवर मी कधीही विसंबत नाही, कारण समोरच्या संघाचे लांबचे चार शॉट योगायोगाने पडले तरी ती संख्या कोलमडते. शिवाय जो खेळाडू नेहमी मोठ्या खेळाडूंच्या सोबतीनेच मैदानात असतो, त्याची संख्या त्यांच्या पुण्याईने फुगते. म्हणून अनेक हंगामांची नोंद घेऊन, सोबतचे चार जण कोण होते आणि समोरचे पाच जण कोण होते, याचा परिणाम गणिताने वजा करावा लागतो. इतके करूनही एखाद्या खेळाडूची संख्या चांगलीच उरली, तर त्याच्या असण्याने संघ सुधारतो असे आपण विश्वासाने म्हणू शकतो. आपण विचारलेला खऱ्या-खोट्याचा भेद करण्याची माझ्या मते ही सर्वांत प्रामाणिक रीत आहे. बॅटिए यांचे मोल ह्यूस्टनच्या विश्लेषकांना दिसले तेही याच वाटेने.

---

उलटतपासणी

सर्वांचे मुद्दे वाचले. मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, कारण चर्चेचा सूर ‘गुण न करणे’ हाच जणू गुण आहे अशा दिशेने जाऊ लागला आहे आणि तरुण खेळाडूंनी हे वाचून चुकीचा अर्थ घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

टोनी ॲलन यांचे उदाहरण घ्या. मेम्फिस ग्रिझलीज संघाच्या या खेळाडूची एनबीएच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या संघात सहा वेळा निवड झाली होती. २०१५च्या प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत मेम्फिसने गोल्डन स्टेट वॉरियर्सवर २-१ अशी आघाडी घेतली आणि ॲलन यांनी वॉरियर्सच्या नेमबाजांना जेरीस आणले. चौथ्या सामन्यात वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी एक साधी चाल केली. त्यांनी आपला उंच सेंटर अँड्र्यू बोगट याला कागदोपत्री ॲलन यांच्यासमोर लावले आणि प्रत्यक्षात रिंगखालीच उभे केले. ॲलन बाहेर पूर्ण मोकळे होते, तरी त्यांच्या लांबच्या शॉटची कोणालाच धास्ती नव्हती. परिणामी मेम्फिसच्या उंच खेळाडूंना रिंगजवळ जागाच उरली नाही. प्रशिक्षकाला आपला सर्वोत्तम बचावपटू बाकावर बसवावा लागला आणि वॉरियर्सने ओळीने तीन सामने जिंकून मालिका खिशात घातली.

म्हणजे ज्याच्याकडून गुणांचा धोका अजिबात नाही, त्याच्यामुळे उरलेले चौघे पाच जणांविरुद्ध खेळू लागतात. प्रतिस्पर्धी हुशार असेल आणि सात सामन्यांची मालिका असेल, तर हे छिद्र झाकता येत नाही. पूरक खेळाडूचे बाकीचे सगळे काम मैदानात टिकून राहिल्यावरच उपयोगाचे असते.

---

टेबलावरून

आपला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो आणि तो वेळेवर आला याबद्दल आभारी आहे. मी त्याला एक जोड देतो. ॲलन यांच्यासारखीच स्वतःची अडचण ज्यांनी आधीच ओळखली आणि तिच्यावर आयुष्यभर पुरेल असे उत्तर शोधले, ते म्हणजे स्पर्सचे ब्रूस बोवेन. तेही प्रथम बचावपटूच होते. ड्रिबल करून स्वतः शॉट तयार करणे त्यांना जमत नव्हते. त्यांनी कोर्टवरची एक जागा निवडली: कोपरा. एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा कोपऱ्यात २२ फुटांवर असते, तर समोरच्या बाजूला ती २३ फूट ९ इंचांवर जाते. बोवेन यांनी तो जवळचा शॉट इतका घोटला की २००२-०३च्या हंगामात तीन गुणांच्या शॉटमधील त्यांची ४४.१ ही टक्केवारी एनबीएमध्ये सर्वोच्च ठरली. त्याच हंगामात फ्री थ्रोमधील त्यांची टक्केवारी ४०.४ होती! जिथे कोणीही अडवत नाही त्या फ्री थ्रोच्या रेषेवरून न पडणारा चेंडू कोपऱ्यातून पडतो, याचा अर्थ त्या माणसाने संघाला नेमके जे लागते तेवढेच आत्मसात करण्यासाठी घाम गाळला होता. त्या कोपऱ्यातल्या भीतीमुळे समोरच्या एका खेळाडूला त्यांच्याजवळ थांबावे लागे आणि सहकारी टिम डंकन यांना रिंगजवळ एकास एक खेळण्याची मोकळीक मिळे. त्या मोकळिकीतून डंकन यांनी केलेल्या गुणांत बोवेन यांचा वाटा होता, जरी त्यांचा हात चेंडूला लागला नसला तरी.

शॉट मारून खाली येणाऱ्या खेळाडूच्या पायाखाली आपला पाय ठेवण्याच्या त्यांच्या सवयीवर मोठी टीका झाली आणि ती योग्यच होती, हेही मी इथेच नोंदवतो. घोटे मोडू शकणाऱ्या त्या कृतीचे समर्थन मी करणार नाही. आपल्या मुलांनी बोवेन यांच्याकडून कोपरा शिकावा, पाय नव्हे.

---

पिव्होट

मी पंधरा वर्षे सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) म्हणून खेळलो, म्हणून दोन अशा कामांबद्दल लिहितो जी आतून खेळल्याशिवाय कळत नाहीत.

पहिले काम स्क्रीनचे. सहकाऱ्याच्या पाठीमागे धावणाऱ्या बचावपटूच्या वाटेत जाऊन स्थिर उभे राहायचे आणि त्याची धडक अंगावर घ्यायची, एवढेच बाहेरून दिसते. प्रत्यक्षात कोणत्या कोनात उभे राहायचे हे पावलाच्या अंतराने ठरते. अर्धे पाऊल अलीकडे उभे राहिलात तर बचावपटू वळसा घालून निघून जातो, आणि धडकेच्या क्षणी कंबर जराशी हलली तरी पंच फाऊल देतात. सामन्यात असे तीस-चाळीस स्क्रीन लावले की दुसऱ्या दिवशी छातीची हाडे दुखतात आणि शॉट पडला की टाळ्या नेमबाजाला मिळतात. मला त्याची खंत कधी वाटली नाही, कारण तो नेमबाज सामना संपल्यावर प्रथम माझ्याकडे येत असे.

दुसरे काम बॉक्स आउटचे. शॉट हवेत असताना चेंडूकडे न पाहता प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घ्यायचे आणि रिंगपासून दूर रेटत ठेवायचे. चेंडू सहकाऱ्याच्या हातात पडतो आणि रिबाउंड त्याच्या नावावर लागतो. २०१६-१७मध्ये रसेल वेस्टब्रूक यांनी गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत हंगामभर दोन आकडी सरासरी राखली, तेव्हा त्यांच्या १०.७ रिबाउंडच्या सरासरीमागे संघसहकारी स्टीव्हन ॲडम्स यांची पाठ होती. ॲडम्स रिंगखालच्या दांडग्यांना थोपवून धरत आणि वेस्टब्रूक चेंडू उचलून तडक धाव घेत. यात संघाचा फायदा होता, कारण चेंडू घेणारा आणि धावणारा एकच असल्यामुळे एक पास वाचत असे.

महाविद्यालयात असताना एका निवड चाचणीत माझे नाव आले नाही. निवड करणाऱ्यांनी आदल्या स्पर्धेतील गुणांची यादी समोर ठेवली होती आणि माझ्या नावापुढे चार सामन्यांत अकरा गुण होते. आमच्या संघाने ती स्पर्धा जिंकली होती. ज्या मुलाची निवड झाली तो चांगला खेळाडू होता आणि त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु त्याच्या गुणांपैकी कितीतरी गुण माझ्या स्क्रीनवरून झाले होते, हे त्या यादीत कुठेच लिहिलेले नव्हते. ‘टेबलावरून’ यांचा पहिला परिच्छेद वाचताना मला तो दिवस आठवला.

---

संख्यारेषा

‘पिव्होट’ यांच्या लेखनाला पुष्टी म्हणून एक सामना. १० फेब्रुवारी २०१७ रोजी मेम्फिसविरुद्ध वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीन यांनी अवघे ४ गुण केले. त्याच सामन्यात त्यांचे १२ रिबाउंड, १० असिस्ट, १० स्टील आणि ५ ब्लॉक होते. ट्रिपल-डबल म्हणजे तीन प्रकारांत दोन आकडी नोंद; गुणांचा दोन आकडी भाग नसलेला ट्रिपल-डबल एनबीएच्या इतिहासात त्या दिवशी प्रथमच नोंदवला गेला. स्टील आणि ब्लॉक यांची नोंदच १९७३पूर्वी होत नव्हती, तेव्हा तो सामना त्या काळात झाला असता तर कागदावर त्यातले स्टील आणि ब्लॉक उरलेच नसते. एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या २०१२च्या निवडीत ग्रीन यांचा क्रमांक ३५वा होता, हेही इथे नमूद करावेसे वाटते.

---

टेबलावरून

‘पिव्होट’, आपला अनुभव वाचून मी बराच वेळ थांबलो. तशा याद्या मीही भरून दिल्या आहेत.

अधिकृत गुणपत्रिका बदलणे आपल्या हातात नाही. परंतु टेबलावर एक जादा वही ठेवण्यास कोणाची हरकत नसते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे सोळा वर्षांखालील मुलामुलींची स्पर्धा आहे, तिथे माझ्या शेजारी एक स्वयंसेवक बसवून पाच रकाने भरून घ्यायचे मी ठरवले आहे: आक्रमणातला रिबाउंड, बोटे लावून बिघडवलेला पास, घेतलेला चार्ज, बास्केट मिळवून देणारा स्क्रीन आणि बॉक्स आउट. एका माणसाला दोन्ही संघांच्या या नोंदी जमणार नाहीत, म्हणून प्रत्येक संघासाठी एक जण लागेल. बॉक्स आउटची खूण कशी करावी, हे अजून ठरलेले नाही. प्रत्येक शॉटनंतर पाचही जणांकडे पाहणे शक्य नाही.

---

पिव्होट

पाचही जणांकडे पाहू नका. रिबाउंड सहकाऱ्याने घेतला की त्याच क्षणी रिंगच्या सर्वांत जवळ कोणाची पाठ प्रतिस्पर्ध्याला लागलेली आहे, एवढेच पाहायचे आणि त्याच्या क्रमांकाभोवती वर्तुळ करायचे. स्पर्धा शनिवार-रविवारी असेल तर एका संघाची वही मी सांभाळतो.